हुशारी आणि खाडाखोड

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. ‘लेक उपजतच हुशार आहे, मग तिला मुद्दाम शिकवायचं कशाला?’ असं तू विचारतोस. यात दोन निराळ्या गोष्टींची तू एकच मोट बांधली आहेस.

प्रतिभा म्हणजे कुणी न दाखवता दिसणं. २५ गुणिले १६ किती म्हटल्यावर एखादं मूल कागद न घेता ४०० सांगतं. चार चोक सोळा आणि पंचवीस चोक शंभर हे त्याला एकदमच दिसलेलं असतं. दिसलं ते खरं का, हे तपासता येणं आणि दुसऱ्याला पटवून देता येणं, हे शिक्षणाचं काम. पदवीशी याचा संबंध असतोच असं नाही.

अशा मुलांची गाडी बहुधा बीजगणितात अडते. उत्तरं तोंडी येत गेल्यामुळे पायऱ्या लिहायची सवयच लागलेली नसते. मग (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं ठोकून देतात. दिसायला इतकं नेटकं, की शंकाही येत नाही. अ म्हणजे ३ आणि ब म्हणजे ४ घालून बघ : एकीकडे ४९ येतात, दुसरीकडे २५. हे ‘घालून बघणं’ फारसं कुणाला आपोआप सुचत नाही. ते शिकवावंच लागतं.

‘रामानुजनला कुणी शिकवलं?’ असं तू म्हणशीलच! त्यांच्या हाती पडलेल्या पुस्तकात हजारो सूत्रं होती, सिद्धता मात्र नावापुरत्या. १९१३ साली इंग्रज गणितज्ञ हार्डींना पाठवलेल्या पत्रातली कित्येक सूत्रं थक्क करणारी होती, पण मूळ संख्यांबद्दलचे काही दावे चुकले होते. नजर तीच, फक्त तिथे सिद्धतेची चाळणी लावलेली नव्हती. पुढे हार्डींना ती चाळणी त्यांच्या हाती द्यायची होती आणि त्यांचा आत्मविश्वासही मोडायचा नव्हता. हे दुसरं जास्त अवघड, आणि तुझ्यापुढेही तेच आहे.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्य कशातून होतं हे सांगताना शक्ती (म्हणजे उपजत प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास अशी तीन नावं घेतली, पण शब्द वापरला ‘हेतु’, तोही एकवचनी. तिन्ही मिळून एकच कारण. एवढी बारकाई आपल्या पालकसभांत सापडायची नाही, असो.

आता करून बघायचं ते सांगतो. तिला १ ते २० ची बेरीज दे आणि पंधरा मिनिटं गप्प बस. १ आणि २०, २ आणि १९ अशा २१ च्या दहा जोड्या तिच्या तिला दिसल्या तर उत्तम. नाही दिसल्या तर एकदाच दाखव. आठवड्याने ५, १०, १५ असं करत १०० पर्यंतची बेरीज विचार. इथे १०५ च्या दहा जोड्या, म्हणजे १०५०. त्यानंतर १ ते २१ दे. खरी गंमत इथे आहे. ज्याने नुसती युक्ती पाठ केली ते मूल अडतं, कारण मधला ११ एकटाच उरतो. ज्याला युक्तीमागचं कारण कळलंय ते २२ च्या दहा जोड्या करून ११ मिळवतं आणि २३१ सांगतं. एकदा दाखवल्यावर ती किती पुढे जाते, ते बघ. पहिल्या दिवशीच्या उत्तरापेक्षा मी त्याला जास्त महत्त्व देईन.

उलट प्रकारही असतो. वर्षानुवर्षं शिकून रीत पक्की होते, पण प्रश्नाचा चेहरा बदलला की हात थांबतो. तुझ्या लेकीला ती भीती आज तरी दिसत नाही.

तिला ‘किती हुशार गं!’ म्हणायचं मात्र थांबव. ते ऐकून मुलं चूक लपवायला लागतात आणि अवघड गणिताला हातच लावत नाहीत. त्यापेक्षा ‘हे तुला कसं दिसलं, लिहून दाखव’ म्हण. तीन ओळी पुरेत. उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर सांगू नकोस, लहान आकडे घालून तिचं तिलाच पडताळू दे.

तिन्ही बेरजा झाल्या की तिची वही मला पाठव. खाडाखोडीसकट.

तुझा,
अविनाश