गरब्याच्या करारावर सही होण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्राला अवकाश आहे, पण बडोद्यात गायक-वादकांची बोलणी आत्ताच सुरू झाली आहेत. पूर्वी बिदागी तोंडी ठरे, अ‍ॅडव्हान्स हातात पडला की काम झाले. आता इव्हेंटवाले चार-पाच पानांचा इंग्रजी करार पुढे करतात. मी दांडिया बाजारात गाणे शिकवते, माझ्या विद्यार्थिनी कोरसला आणि साइड सिंगर म्हणून जातात. त्यांचे कागद मी वाचते तेव्हा एक कलम हमखास सापडते. चित्रीकरणाचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांसाठी, कायमचे आयोजकांकडे. नऊ रात्रींच्या पैशांत मुलगी जन्मभराचा हक्क लिहून देते, कारण तिने नाही म्हटले तर दुसरी तयारच असते. एकीचा आवाज पुढे एका दुकानाच्या जाहिरातीत वाजला. विचारायला गेली, तर तिचीच सही तिला दाखवण्यात आली.

कायदा कलावंताला वाऱ्यावर सोडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्यांचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते भक्कम झाले. हा हक्क ५० वर्षे टिकतो. हक्क विकले तरी आपले नाव लागावे आणि गाण्याची मोडतोड होऊ नये, हे मागण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. चित्रीकरणाला लेखी संमती दिली की पुढच्या वापराला हरकत घेणे कठीण होते, पण व्यापारी वापरातली रॉयल्टी तरीही मागता येते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मात्र ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द घातले की हे संरक्षण हातचे जाते. म्हणून वकील हवा तो सहीच्या आधी. भांडण झाल्यावर तो फार काही करू शकत नाही.

आता तर यंत्र आवाजाची नक्कल करते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांना अशा नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले, हे फार चांगले झाले. पण मांजलपूरची कोरसमधली मुलगी मुंबईला वकील कुठून लावणार?

इव्हेंट एजन्सीवाल्यांना सरसकट खलनायक ठरवणे मला पटत नाही. दोन-तीन माणसांच्या एजन्सीचे पैसे मोठी कंपनी महिनोन्‌महिने अडकवते आणि मग ढोलवाल्याचे, कीबोर्डवाल्याचे पाकीट थांबते. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे अशा एजन्सीचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते व्हायला हवे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण त्यासाठी ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी लागते, आणि ती करा असे सांगायला त्यांच्याजवळही कोणी नसते.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० हा फोन क्रमांक त्यासाठीच आहे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला हे ठाऊक नव्हते, याचे मला फार वाईट वाटले. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा आहे आणि कायद्याचीही आहे. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, तिचाच हा वारसा. तिथे स्वर आणि ताल उत्तम शिकवतात. करार वाचायलाही शिकवावे.

माझी विनंती अशी, की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने या दोन्ही विद्याशाखांना सोबत घेऊन आतापासून नवरात्रापर्यंत आठवड्यातून एक संध्याकाळ करार वाचून देण्याची सोय करावी. कलावंत आणि छोट्या एजन्सी, दोघांसाठी. जोडीला गुजराती आणि मराठीत एक नमुना करार छापावा. मुदत किती, कोणते माध्यम, पैसे कोणत्या तारखेला, नाव कुठे लागणार, हे त्यात स्पष्ट असावे. आणि गाणाऱ्याच्या वेगळ्या लेखी परवानगीशिवाय तिच्या आवाजावरून कृत्रिम आवाज तयार करता येणार नाही, हे वाक्य तर ठळक अक्षरांत असावे.

आपली,
एक संगीत शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे