संगणक गेले, वायरी राहिल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि आमच्या पतसंस्थेतले चौदा संगणक एका दिवसात म्हातारे झाले. चालत होते सगळे. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती त्यांच्यात नव्हती. संचालक मंडळाने ठराव केला, नवे आले, जुने पुरवठादाराने बदलीत नेले. नेले म्हणजे फक्त सीपीयू आणि मॉनिटर. हार्डडिस्क मी आधीच काढून घेतल्या होत्या. ठेवीदारांची नावे, खाती त्यात. सुताराला बोलावून ड्रिलने भोके पाडून घेतली.

बाकीचा पसारा दोन पोत्यांत भरून माझ्या टेबलामागे आहे. मी भांडार सांभाळतो. निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबली, जांभळ्या-हिरव्या गोल पिनांचे कीबोर्ड आणि माऊस (नव्या मशीनला ते भोकच नाही), सुकलेल्या रिबिनी, कशाचे ते कोणालाच न आठवणारे अडॅप्टर. गोळीवाला एक माऊसही निघाला, त्यातली गोळी नातवाने पळवली. प्रत्येक कीबोर्डच्या पाठीवर पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीचा) नंबर आहे, माझ्याच हाताने घातलेला. त्यामुळे निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, ठराव झाल्याशिवाय एकही बाहेर काढता येत नव्हता. तो फेब्रुवारीत झाला. माझी अडचण तिथून सुरू झाली.

यूपीएसच्या बॅटऱ्या पहिल्याच दिवशी गेल्या. शिशाला भाव आहे, दुकानदार नवी देताना जुनी मागून घेतो. तीन पिनांच्या पॉवर कॉर्ड मी ठेवून घेतल्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या सीपीयूची कॉर्ड आजच्या मॉनिटरलाही बसते, त्या फेकणे हा मूर्खपणा. यूएसबीवाले नऊ कीबोर्ड धडधाकट होते, ते जिल्हा परिषदेच्या शाळेने नेले. खरे तर ते आम्हीच वापरले असते, पण प्रत्येक नव्या मशीनच्या खोक्यात नवा कीबोर्ड-माऊस येतोच. नको म्हटले तर पुरवठादार म्हणाला, ‘घ्या, तेवढ्याने किंमत कमी होणार नाही.’

उरलेल्यासाठी भंगारवाल्याला बोलावले. माणूस सरळ. म्हणाला, ‘साहेब, तांबं तेवढं काढणार, बाकीचं जाळणार.’ वायरवरचे पीव्हीसी उघड्यावर जाळले की डायॉक्सिनसारखी विषे हवेत जातात. त्याची झोपडी भट्टीला लागूनच, मुले तिथेच खेळतात. मी पोती परत आत घेतली. घंटागाडीवरच्या बाई म्हणाल्या, ‘हे आमच्यात बसत नाही.’ नगरपालिकेने रीसायकलरला फोन करायला सांगितले. रीसायकलर म्हणाला, टेम्पोभर माल असेल तर येतो.

दोन पोत्यांचा टेम्पो कुठून भरणार?

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत ‘मोठा ग्राहक’ म्हणजे निदान एक हजार उपकरणे वापरणारा. ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच देण्याचे बंधन त्याच्यावर. आमचे सगळे कॅल्क्युलेटर मोजले तरी आम्ही हजाराच्या आसपास पोचत नाही. पण आमच्यासारख्या पतसंस्था, शाळा, दवाखाने, वकिलांची ऑफिसे, झेरॉक्सची दुकाने तालुक्याच्या गावात मोजा. प्रत्येकाकडे अशी एक-दोन पोती आहेत. कचऱ्यातला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत रीसायकलरकडे पोचवणे हे स्थानिक संस्थांचे काम नियमांत लिहिलेले आहे. मग तीन महिन्यांतून एक दिवस ठरवावा, आठवडा बाजाराच्या मैदानात गाडी उभी करावी, रीतसर पावती द्यावी. पावती हवीच, नाहीतर आमचे ऑडिटर ऐकत नाहीत. टेम्पो एका सकाळीत भरेल.

आणि ज्या संस्था सध्या मशीन बदलत आहेत त्यांच्या चिटणीसांना एक विनंती. बदलीच्या करारात ‘वायरी व सर्व सुट्या वस्तूंसह’ एवढे शब्द घालून घ्या. आमच्याकडून ते राहून गेले. मसुदा मीच टाइप केला होता.

मी ३१ मे ला निवृत्त होतो आहे. चार्ज देताना पोत्यांपुढे काय लिहायचे, तो रकाना मी अजून कोरा ठेवला आहे. त्याआधी गाडी आली तर पोती मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक भांडार लिपिक, जि. सांगली