यिन-यांग म्हणजे निम्मी-निम्मी वाटणी नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील यिन-यांगविषयीच्या लेखात यांग म्हणजे प्रकाश व सत्प्रवृत्ती, यिन म्हणजे अंधार व दुष्प्रवृत्ती, आणि घरातल्या वस्तू योग्य दिशांना ठेवल्या की या दोन ‘शक्तीं’चा समतोल साधतो, अशी मांडणी केली आहे. चिनी विचारपरंपरेशी ती जुळत नसल्यामुळे हा पत्रप्रपंच.

यिन आणि यांग ही एखाद्या वस्तूला कायमची चिकटलेली लेबले नव्हेत. डोंगराची उन्हाकडची बाजू यांग आणि सावलीची यिन, हा या जोडीचा जुना अर्थ चीनच्या नकाशावर आजही वाचता येतो : लुओ नदीच्या उत्तर काठी, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या काठावर, वसलेले ते लुओयांग आणि हुआ पर्वताच्या उत्तरेचे, सावलीतले, ते हुआयिन. देव-दानवांच्या युद्धाचे चित्र इथे लागू पडत नाही. सांख्यांच्या पुरुष-प्रकृतीशी सांगड घालण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. पण सांख्यांचा पुरुष अकर्ता, साक्षी असतो आणि सारे कर्तृत्व प्रकृतीकडे असते, तर चिनी विचारात यांग चालना देते, यिन ग्रहण करते आणि दोन्ही एकाच ‘ची’ची, म्हणजे विश्व व्यापणाऱ्या प्राणऊर्जेची, रूपे मानली जातात.

या विचाराची बारकाई पाहायची तर ‘हुआंगदी नेईजिंग’ हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्यकग्रंथ पाहावा. दिवस यांग आणि रात्र यिन, एवढ्यावर तो थांबत नाही. पहाटेपासून माध्यान्हापर्यंतचा काळ यांगमधले यांग, माध्यान्हापासून सांजेपर्यंतचा यांगमधले यिन, रात्र पडल्यापासून कोंबडा आरवेपर्यंतचा यिनमधले यिन आणि तिथून उजाडेपर्यंतचा यिनमधले यांग, असे तो सांगतो. म्हणजे दुपारी तीनचे ऊन रात्रीच्या तुलनेत यांग असले, तरी सकाळच्या तुलनेत ते यिनकडे झुकलेले आहे. ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी शकुनग्रंथातील सहा रेषांच्या आकृत्यांपैकी चोविसावी आकृती हाच विचार ऋतुचक्राला लावते : वर पाच तुटक यिन-रेषा आणि तळाशी एकच अखंड यांग-रेषा. परंपरेने ती दक्षिणायन संपते त्या दिवसाशी जोडली आहे. थंडीचा कडाका त्यानंतरही वाढतच जातो. यांगचा जन्म मात्र त्याच दिवशी झाल्याचे मानतात.

रोगनिदानातही हीच रीत दिसते. रात्री घाम येतो, तळहात-तळपाय तापतात, तोंडाला कोरड पडते. अशा वेळी आपण सहज म्हणू की उष्णता वाढली, थंड काहीतरी द्या. चिनी वैद्याच्या मते यांग आहे तेवढेच असते, यिन घटल्यामुळे ते उठून दिसते, आणि म्हणून उष्णता मारण्याऐवजी यिनचे पोषण करायचे. सोंग काळातील (दहावे ते तेरावे शतक) बालवैद्य छियान यी यांनी मुलांसाठी जुन्या आठ द्रव्यांच्या गोळीतून दालचिनी आणि बचनागाच्या जातीचे मूळ ही दोन उष्ण द्रव्ये वगळली, कारण मुलांच्या ठायी यांग मुळातच भरपूर असते अशी धारणा होती. उरलेल्या सहा द्रव्यांची ती गोळी चिनी औषधांच्या दुकानात आजही मिळते. ती किती गुणकारी आहे हे चाचण्यांनीच ठरवावे. माझा मुद्दा त्यामागील तर्कपद्धतीपुरता आहे.

राहता राहिली लेखातील चौकटीत सांगितलेली स्त्री-पुरुष समानता. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील कन्फ्यूशियन विचारवंत डोंग झोंगशू यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात राजा यांग आणि मंत्री यिन, पिता यांग आणि पुत्र यिन, पती यांग आणि पत्नी यिन अशी उतरंड स्पष्ट शब्दांत लावली आहे, आणि यांग श्रेष्ठ, यिन कनिष्ठ हा तर त्यातील एका प्रकरणाचाच मथळा आहे. पुढे बान झाओ या विदुषीनेही स्त्रियांना नम्रतेचा उपदेश करताना याच जोडीचा आधार घेतला. ज्या कल्पनेत सारे काही सापेक्ष आणि फिरते होते, ती दरबाराच्या आणि कुटुंबाच्या सोयीसाठी अशी गोठवली गेली. हा इतिहास वगळून केवळ ‘समतोल’ सांगणे हे अर्धेच सांगणे होय.

लेखासोबत छापलेली काळ्या-पांढऱ्या माशांची आकृतीही लेखात म्हटली आहे तितकी प्राचीन नाही. अकराव्या शतकातील तत्त्वज्ञ झोऊ दुन्यी यांच्या गाजलेल्या ‘ताइजी’ (परम मूलतत्त्व) आकृतीतसुद्धा हे मासे नाहीत. तिथे एकाखाली एक वर्तुळे आहेत. आज ओळखीची झालेली आकृती ग्रंथांतून दिसू लागते ती मिंग काळाच्या (चौदावे ते सतरावे शतक) सुमारास. तेव्हा ‘स्त्री-पुरुष समतेचे पाच हजार वर्षांपूर्वीचे प्रतीक’ ही लेखातील चौकट तरी पुढील अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली