गेल्या वर्षीचा कोड कुठे आहे?

महोदय,

रोबोंच्या फुटबॉलवरचे आपल्या अंकातले सचित्र वृत्त वाचले. मैदानात तोंडघशी पडलेल्या रोबोचा फोटो आणि खाली 'एआय'ची टर उडवणारी ओळ, एवढाच त्याचा जीव. हसू आले हे खरे. ते रोबो पडतातच, आणि पडलेला रोबो हातपाय गोळा करून उठायला लागला की प्रेक्षकही टाळ्या पिटतात. पण 'रोबोकप'मध्ये, म्हणजे रोबोंच्या या जागतिक स्पर्धेत, उतरणारे बहुतेक संघ विद्यापीठांतल्या पोरापोरींचे असतात, आणि ती मंडळी तिथे नेमके काय करतात याबद्दल वृत्तात अवाक्षर नव्हते.

त्या फोटोपासूनच सुरुवात करतो. त्यातला 'नाओ' हा जेमतेम 58 सेंटिमीटर उंचीचा रोबो. त्याच्या लीगमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या त्या गटात, वर्षानुवर्षे सगळ्या संघांकडे हेच यंत्र असायचे, फरक काय तो सॉफ्टवेअरचा. सामना सुरू झाला की रिमोट नाही, बाहेरून सूचना नाहीत. विद्यार्थी कडेला बसून फक्त बघणार. पडलेला रोबो उठतो, ते एक वेळ सोपे. उठल्यावर आपले तोंड कुठल्या बाजूला आहे हे त्याला कळणे कठीण, कारण दोन्ही टोकांचे गोल हुबेहूब सारखे. चुकला, तर पठ्ठ्या मोठ्या ऐटीत आपल्याच गोलकडे चेंडू घेऊन निघतो. मग पडण्याआधी आपण कुठे होतो, रेषा कुठल्या दिसताहेत, सहकारी काय कळवताहेत, यावरून त्याने अंदाज बांधायचा. सहकाऱ्यांनी किती निरोप पाठवायचे यावरही आता बंधन आहे.

पूर्वी हे इतके अवघड नव्हते. 2008 पर्यंत या लीगमध्ये सोनीचे 'आयबो' कुत्रे खेळायचे. चेंडू नारिंगी, एक गोल निळा, दुसरा पिवळा. रंग ओळखला की निम्मे काम झाले. पुढे एकेक सवलत काढून घेतली गेली. आज गोल पांढरे, रेषा पांढऱ्या, खेळाडूंची अंगेही बरीचशी पांढरी, आणि त्यात काळा-पांढरा चेंडू हुडकायचा. खाली कृत्रिम गवत, त्यामुळे चालताना तोल जातो. पंचाची शिट्टीसुद्धा रोबोने स्वतःच्या कानांनी ऐकायची.

स्पर्धा 1997 मध्ये जपानमधल्या नागोयात सुरू झाली. शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे 2050 च्या सुमारास, मानवाकृती रोबोंच्या संघाने फिफाच्या नियमांनुसार विश्वविजेत्या संघाला हरवायचे, हे ध्येय तेव्हाच ठरले. ते साधेल असे मला वाटत नाही. पण त्या ध्येयामुळे प्रश्न दरवर्षी तोच राहतो आणि पेपर तेवढा कठीण होत जातो. माझा मुद्दा याच्याशीच आहे.

जर्मनीतल्या ब्रेमेनचा 'बी-ह्यूमन' हा संघ घ्या. तिथले विद्यापीठ आणि जर्मन कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्र मिळून तो चालवतात. 2009, 2010 आणि 2011 अशी सलग तीन वर्षे या लीगचे जेतेपद त्यांच्याकडे होते, नंतरही ते कितीतरी वेळा जिंकले. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या बदलल्या असतील! पण हा संघ आपला कोड सविस्तर माहितीसह सगळ्यांसाठी खुला करत आला आहे. प्रतिस्पर्धी तो उतरवून घेतात, त्यावर आपली भर घालतात आणि पुन्हा त्यांच्याशीच भिडतात. 2018 मध्ये माँट्रियलला विजेतेपद लाइपझिगच्या विद्यार्थ्यांनी नेले. मॅनहाइमच्या 'टायगर्स' संघाने तर चाकांवर धावणाऱ्या छोट्या रोबोंच्या लीगमध्ये रोबोची रचना आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुले केले, आणि तरीही ते जिंकत राहिले.

आता आपल्याकडे बघू. 'रोबोकॉन' पुण्याला नवी नाही. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रोबोंची आशिया-पॅसिफिकची ही स्पर्धा 2008 आणि 2014 अशी दोनदा पुण्यात झाली. 2008 ला विषय चक्क दहीहंडीचा होता! मीही कॉलेजात असताना रोबोकॉनच्या संघात होतो, त्यामुळे तिला नावे ठेवणार नाही. वर्कशॉपमध्ये रात्र रात्र घालवून जे शिकलो ते कुठल्याही सबमिशनने शिकवले नसते. पण तिथे दरवर्षी विषय नवा. स्पर्धा संपली की रोबो खोलायचा, मोटरी पुढच्या वर्षासाठी काढून ठेवायच्या, बाकीचे भंगारात. कोड सीनियरच्या लॅपटॉपमध्ये, आणि सीनियर एमएस करायला अमेरिकेत. आम्हाला वारशात मिळाला तो एक बिघडलेला गिअरबॉक्स आणि एक फाइल. तिच्यात बिले होती.

'तिकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही' हे उत्तर मला अर्धेच पटते. पैसा लागतोच. विमानाची तिकिटे, रोबो परत आणताना कस्टमने अडवू नये म्हणून काढायचे 'कार्ने' नावाचे कागद, हातातल्या बॅगेतूनच न्याव्या लागणाऱ्या लिथियम बॅटऱ्या, ही सगळी कटकट आणि खर्च विद्यार्थ्यांच्याच डोक्यावर असतो. पण त्याच छोट्या रोबोंच्या लीगमध्ये 2009 ते 2012 अशी सलग चार वर्षे बँकॉकच्या कासेत्सार्त विद्यापीठाचा 'स्कूबा' संघ जिंकला, आणि थायलंड काही जर्मनी नव्हे. आपल्याकडे खरगपूरच्या आयआयटीतले विद्यार्थी रोबो फुटबॉलवर काम करत आले आहेत. महाराष्ट्रात तर अभियांत्रिकी महाविद्यालयांची वानवा नाही.

ज्यांच्याकडे खरोखरच पैसा नाही, त्यांच्यासाठी रोबोकपमध्ये सिम्युलेशन लीग आहे. अकरा विरुद्ध अकरा, सगळे खेळाडू संगणकातले, प्रत्येक खेळाडू म्हणजे एक स्वतंत्र प्रोग्राम, आणि त्याला मैदान मुद्दाम थोडे धूसर दाखवले जाते. जपानच्या 'हेलिओस' संघाने सुरुवातीचा पायाभूत कोड फुकट उपलब्ध करून दिला आहे. मोटर नको, बॅटरी नको, कार्ने नको. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून सुरुवात करावी इतके ते आवाक्यात आहे. प्राचार्यांनी फक्त एक अट घालावी: संघाने वर्षअखेर आपला कोड आणि काय फसले याची टिपणे कॉलेजकडे जमा केल्याशिवाय प्रोजेक्टचे गुण मिळणार नाहीत.

आणि आपल्याला एक विनंती. विद्यार्थ्यांचा एखादा संघ स्पर्धेला निघतो तेव्हा प्राचार्य, स्पॉन्सर आणि हार घातलेला रोबो असा फोटो छापून येतो, तो जरूर छापा. पण तुमच्या वार्ताहराने गेल्या वर्षीचा कोड कुठे आहे आणि यंदाच्या संघाने त्यात काय बदलले, हेही त्या मुलांना विचारावे.

– एक माजी रोबोकॉन स्पर्धक, चिंचवड