थ्री नॉट थ्रीवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, सा. न. वि. वि.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाकू का" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही फोनवर बातम्या आणि पंचांग सोडून काही बघत नाही हे माहितीये, काकूंना सांगून ठेवलंय, त्या वाचून दाखवतील.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी ओहायोत राहतो, ग्रीन कार्ड आल्यावर पहिली हौस केली ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली ली-एनफिल्ड रायफल घ्यायची. आपली थ्री नॉट थ्री हो. पोलीस चौकीबाहेर खांद्याला लटकलेली लहानपणापासून बघितलेली, 26/11 ला सीएसटीवर आपल्या काही शिपायांच्या हातात होती ती, यूपी पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताक दिनाला जिला निरोप दिला ती. इकडे अमेरिकेत 1968 च्या कायद्यानं परदेशी लष्करातल्या जुन्या रायफली आणणं बंद केलं होतं, 80 च्या दशकात ते परत सुरू झालं आणि मग जगभरच्या गोदामांतून माल आला, त्यात ईशापूरच्याही बऱ्याच. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू मारलेला दिसला की ओळखायचं, बंगालमधली आहे.

पण माझं कारण ईशापूर नव्हतं, खडकी होतं. आमचे बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत, रेंजहिल्सला क्वार्टर, भोंगा झाला की आमचं घड्याळ लागायचं. फॅक्टरी 1869 ची. तिथल्या काडतुसाच्या बुडावर केएफ, म्हणजे किर्की फॅक्टरी, असं कोरलेलं असतं, आणि ओहायोतल्या एका जत्रेवजा गन शोमध्ये एका म्हाताऱ्याच्या टेबलावर मळकट पुठ्ठ्याच्या खोक्यात मला ती केएफ दिसली तेव्हा मी भाव न करता घेतली, बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं.

आता लष्करांनी काढून टाकलेला जुना सरप्लस माल आटत चाललाय आणि नवं काडतूस परवडत नाही, त्यामुळे इथले लोक स्वतःच भरतात, म्हणजे उडवलेली पितळेची पुंगळी साफ करून डायमधून, म्हणजे मापाच्या साच्यातून काढायची, बुडात ठिणगी देणारा नवा प्रायमर, नवी पावडर, वर नवी गोळी. (भारतातल्यांनी हे वाचून काही करायला जाऊ नका, आर्म्स ॲक्ट 1959 खाली परवान्याशिवाय तो सरळ गुन्हा आहे. इथं स्वतःपुरतं भरायला लायसन्स लागत नाही, विकायला लागतं.) पावडर किती, कुठली, ते मी इथं लिहिणार नाही, ते छापील मॅन्युअलमध्ये बघायचं असतं, हेसुद्धा काकांचंच वाक्य.

तर सुरुवातीला मी गेलो एका मोठ्या दुकानात, नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे न बघता पॉइंट 308 इंचाच्या गोळ्या हातात दिल्या, म्हणे थ्री नॉट थ्रीपेक्षा ही जाडच आहे, उलट घट्ट बसेल. ऐकायला किती बरोबर वाटतं ना! गंमत अशी की 303 हे नळीच्या आतल्या उंच कडांचं माप, खोबणीचं नाही, आणि या रायफलला गोळी लागते पॉइंट 311-312 ची, युद्धकाळातल्या कित्येक नळ्यांना तर त्याहून जाड. ती 308 नळीत खुळखुळत गेली आणि कागदावर आडवी लागली, भोक गोल नाही, किल्लीच्या भोकासारखं लांबट. परत गेलो तर उत्तर आलं, इंडियन रायफल आहे, भिंतीवर लावा. त्याच्या शेजारचा एक गिऱ्हाईक हसला पण. माझ्या बाबांच्या फॅक्टरीच्या काडतुसांना तर 'गार्बेज' शब्द वापरला आणि तोही हातात न घेता.

मग शूटिंग रेंजवरचे एक एक्स्पर्ट. माझ्या पुंगळ्यांवर बुडाच्या जरा वर चकाकती रिंग दिसायला लागली होती, त्यांना दाखवली, त्यांनी चष्मा वर न करता सांगितलं की डायची खूण आहे, बिनधास्त भर. असेलही! बाहेरून डायची खूण तशीच दिसते, तोच तर घोळ आहे. पण ती दुसऱ्या कारणानंही येते आणि ते कारण सांगायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी तुमच्याशी ओळख करून दिली, हे टूलरूमवाले काका, सांगलीकडचे, यांनापण तुझ्यासारखंच वेड आहे म्हणून. तुम्ही पहिला प्रश्न रायफलचा नाही विचारलात. "बाबा कुठल्या सेक्शनला होते?" म्हणालात. मी म्हटलं पुंगळ्या ओढायच्या. त्यावर तुम्ही प्रसादाचा द्रोण हातात धरून उभ्या उभ्या मला सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त, वाटीपासून ओढत ओढत लांब पुंगळी कशी होते, मधे मधे भट्टीत मऊ का करायची, सगळं सांगितलंत, मागची रांग खोळंबली. बाबा रोज काय करून घरी येत होते ते मला त्या रांगेत पहिल्यांदा नीट कळलं.

तुमच्या गॅरेजमधलं सगळं लिहीत बसत नाही. नळीतून शिशाचा मऊ गोळा ठोकून बाहेर काढलात, मायक्रोमीटर लावलात आणि "313, दोन थाउ मोठी आहे, वय झालंय तिचं" म्हणालात (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), इतक्या मायेनं की मला हसूच आलं. केएफच्या एका काडतुसाची गोळी ओढून काढलीत, आतून शेवयांसारख्या कॉर्डाइटच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पावडरच्या, काड्या पेपरवर पडल्या, बुडात दोन बारीक भोकं म्हणजे बर्डन पद्धतीचा प्रायमर, आपल्या डायची जुना प्रायमर ढकलणारी पिन तिथं मोडणार, शिवाय जुन्या प्रायमरची राख म्हणजे मीठच, हवेतला ओलावा ओढून नळी गंजवणार. "ही उडवायची नाहीत, ही ठेवायची," बास. यात कुठं गार्बेज शब्द आला नाही, बघा.

मग ती रिंग. थ्री नॉट थ्रीची पुंगळी बुडाच्या काठावर टेकते, आणि लष्करी चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) मुद्दाम सैल ठेवलेलं, खंदकातल्या चिखलात काडतूस अडकू नये म्हणून. बार झाला की पितळ पुढे फुगतं, डाय ते परत मागे दाबते, परत बार, परत दाब, आणि प्रत्येक वेळी बुडाजवळचं पितळ थोडं ताणलं जाऊन आतून कमरेसारखं बारीक होत जातं. एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे, पुढचा चेंबरमध्येच अडकलेला, आणि गरम गॅस मागे तोंडाकडे. तुम्ही माझी एक पुंगळी हॅकसॉनं उभी चिरलीत आणि हातात दिलीत. आत खरंच खाच होती. मी ज्यांच्याबद्दल "बिनधास्त भर" हे ऐकलं होतं त्यातलीच ती.

यावर लेक्चर देता आलं असतं. कुणीही दिलं असतं. तुम्ही ड्रॉवर उघडून सायकलचा एक स्पोक काढलात, टोक घासून बारीक केलंत, काटकोनात वाकवलंत, आणि आधी मला कोरी न वापरलेली पुंगळी दिलीत. म्हणालात, आधी चांगलं कसं लागतं ते बोटाला कळू दे, खराब मग आपोआप कळतं. मी आकडा आत घालून भिंतीवरून वर ओढला, गुळगुळीत. मग माझी जुनी, आणि टोक टक्कन अडकलं. डोळे मिटून परत केलं, परत अडकलं. मग तुम्ही आकडा माझ्याकडून परत घेतलात आणि व्हाइसमध्ये धरून मूठ दुसऱ्या बाजूला वाकवलीत, वर काळी टेप गुंडाळलीत. मला कळेना हे काय चाललंय. परत हातात आला तेव्हा कळलं.

मी डावखुरा आहे काका. तुम्ही ते विचारलं नाहीत, बोलून दाखवलं नाहीत, नुसतं बघितलंत.

खरं सांगू का, याच गोष्टीवर माझा घसा दाटला आणि घरी येऊन बायकोला सांगताना ती म्हणाली एका तारेच्या तुकड्यासाठी एवढं काय. पण शाळेत डाव्या हातावर पट्ट्या खाल्लेल्या माणसाला विचारा. दुकानात हजारो डॉलरचा माल मांडून बसलेल्या माणसानं माझं तोंड बघितलं नव्हतं आणि तुम्ही हात बघितलात. ज्याला येतं त्यानं समोरच्याला लहान न करता शिकवणं, एवढी साधी गोष्ट आहे, आणि तरी हौशी लोकांच्या जगात, बंदुका सोडा, कॅमेरे असोत, सायकली असोत, बुलेटवाले असोत, जो तो आधी तुमची लायकी मोजतो. तुम्ही नळी मोजलीत, फरक एवढाच, बाकी सौजन्य वगैरे मोठे शब्द तुम्हालाच आवडत नाहीत.

आता रिपोर्ट. अख्खी पुंगळी दाबणारी डाय बंद केली, तुम्ही म्हटलं तसं फक्त गळ्यापुरतं माप करतो. नव्या पुंगळीला पहिल्या बाराच्या वेळी काठापुढे ती रबरी ओ-रिंग घालतो, ती पुंगळीला मागे बोल्टला टेकवून धरते, ताण बसायचा तो पुढे बसतो. क्लिप भरताना काठ एकमेकांत अडकणार नाहीत असे लावतो. प्रत्येक पुंगळीत दर वेळी आकडा फिरतो, एकही अडकलेली नाही. जाड गोळ्यांनी शंभर यार्डावर सगळी भोकं तळहाताखाली झाकली जातात आणि गोल आहेत! ते एक्स्पर्ट परवा येऊन विचारत होते कुठलं बॅरल बदललंस. मी म्हटलं तेच आहे, ईशापूरचं, भिंतीवरून काढलं. आणि मग त्यांच्यापण पुंगळ्या तपासून दिल्या, दोन फेकाव्या लागल्या, हे तुम्हाला ऐकून बरं वाटेल म्हणून सांगतो.

केएफच्या त्या रिकाम्या केलेल्या पुंगळीवर गोळी परत बसवून तुम्ही दिलीत ती आईला पुण्याला नेणार होतो, पण विमानात असलं काही न्यायचं नाही हे तुम्हीच दरडावून सांगितलंत, म्हणून फोटो पाठवला. आईनं तो मोठा करून बुडावरची अक्षरं बघितली आणि म्हणाली, यांच्या शर्टाला असाच पितळेचा वास यायचा.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पावडरचे पण नाही, यावर आपलं भांडण चालू राहील. शनिवारी चकली आणि चिरोटे घेऊन येतोय. आणि काकू, तुम्हीच सांगा यांना, डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत मलाही माहितीये, पण मागच्या वेळी लाडवाच्या डब्यातून ओ-रिंगा आल्या, बायकोनं त्या झाकणाचं रबर समजून सगळ्या बरण्यांना लावून टाकल्या आणि आता मला एक काढू देत नाही. या वेळी साखर घाला.