शेवटचा एक मिलिमीटर

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझी अप्रेंटिसशिप सुरू झाली आणि तुला लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनवर घेतलं, हे आईकडून कळलं. शाफ्टचं (गोल दांड्याचं) माप हुकतंय असंही ती म्हणाली. हा विषय फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ड्रॉइंगवर शाफ्टला ५० जी६ (५० हा व्यास, जी६ ही त्याची टॉलरन्स म्हणजे चालणारी तफावत) असेल, तर त्याचा अर्थ सगळीकडे एकच: व्यास ४९.९७५ ते ४९.९९१ मिमी. म्हणजे सगळा खेळ १६ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तुझ्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट (सर्वांत लहान मोजता येणारं माप) ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. जे साधन टॉलरन्सपेक्षाही मोठ्या पायरीने मोजतं, त्याच्यावर फिनिशिंगचं माप कसं ठरणार? व्हर्नियर रफिंगपुरता (सुरुवातीच्या जाड कटपुरता) ठेव. पुढे मायक्रोमीटरच घे, आणि त्यातही एक मायक्रॉन वाचता येणारा मिळाला तर तोच माग.

मायक्रोमीटर हाती आला की आधी त्याची दोन्ही तोंडं पूस. स्वच्छ कागद मध्ये धरून हलकं आवळायचं आणि कागद ओढून काढायचा. मग शून्य तपासायचं. २५ ते ५० च्या मायक्रोमीटरला २५ चा स्टँडर्ड मिळतो, पण आपलं माप पन्नासच्या जवळचं आहे, म्हणून ५० चा स्लिप गेज (अचूक मापाचा स्टीलचा ठोकळा) लावून बघितलेलं जास्त चांगलं. आवळायचं ते टोकाच्या रॅचेटनेच, दोन-तीन टिकटिक होईपर्यंत. थिंबल (आकडे असलेला फिरता भाग) पकडून आवळलास तर प्रत्येक वेळी वेगळं माप येईल.

आता उष्णतेचं बघ. नवशिक्यांचे जॉब (मशीनवर कापायचे तुकडे) सर्वांत जास्त इथेच वाया जातात असं मला वाटतं. ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सियसचं असतं, हे प्रमाण जगभर तेच आहे. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. कापून झालेला जॉब ४० अंशांवर असेल, तर ५० मिमी व्यास जवळजवळ साडेअकरा मायक्रॉन मोठा दिसतो. तू गरम जॉबवर ४९.९८३ वाचलंस, टॉलरन्सच्या बरोबर मध्यावर, म्हणून खूश झालास. थंड झाल्यावर तो ४९.९७२ च्या आत जातो आणि रिजेक्ट होतो. म्हणून रफिंगनंतर जॉब थंड होऊ दे, कुलंट (थंड करणारं पाणी) चालू कर, आणि हाताला कोमट लागला तरी थांब. अ‍ॅल्युमिनियम तर स्टीलच्या दुप्पट वाढतं.

स्पीडचं गणित सोपं आहे: १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले व्यास. माइल्ड स्टील आणि एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला मिनिटाला ३० मीटर धरलं, तर पन्नासच्या जॉबला साधारण १९० फेरे येतात. त्याच्या जवळचा खालचा गिअर टाक.

आता मुख्य गोष्ट, शेवटचा एक मिलिमीटर. बहुतेक जण रफिंग करून थेट पाच-दहा शतांश मिलिमीटर ठेवतात आणि एकाच बारीक कटमध्ये माप गाठायला जातात. तसं होत नाही. कट फारच पातळ असला की टूलचं टोक कापण्याऐवजी घासतं. शिवाय प्रत्येक कटला जॉब आणि टूल थोडे दबतात, आणि जाड कटला जितके दबले तितके पातळ कटला दबत नाहीत. त्यामुळे आधीच्या कटवरून केलेला हिशोब चुकतो.

म्हणून व्यासावर सुमारे १ मिमी ठेव आणि त्याचे दोन सारखे कट कर. समज, रफिंगनंतर माप ५०.९८ आहे. पहिल्या कटला व्यासावर ०.५० दे. कट संपला की क्रॉस स्लाइड (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणारा भाग) मागे घेऊ नकोस. कॅरेज (टूल जॉबच्या लांबीने नेणारा भाग) बाजूला सरकव, मशीन बंद कर, जॉब थंड होऊ दे आणि मोज; पन्नासच्या वरचं हे माप ५० ते ७५ च्या मायक्रोमीटरने घे. डायलच्या हिशोबाने ५०.४८ यायला हवं होतं, आलं ५०.५१. हरकत नाही. मोजलेलं माप खरं धरायचं: ५०.५१ वजा ४९.९८३, म्हणजे ०.५२७ आणखी द्यायचं. फीड (टूल पुढे सरकायचा वेग) आणि फेरे तेच ठेव. दोन्ही कट सारखे असल्यामुळे दोन्ही वेळचं दबणं जवळजवळ सारखं असतं, आणि म्हणूनच माप जुळतं.

यात दोन ठिकाणी फसगत होते. काही मशीनची डायल व्यास दाखवते, काहींची त्रिज्या. त्रिज्येच्या डायलवर ०.५२७ दिलंस तर व्यासातून १.०५४ जाईल. दुसरं म्हणजे स्क्रूमधली ढिलाई. डायल पुढे गेली तर तेवढीच मागे फिरवून चालत नाही. पूर्ण एक फेरा मागे घे आणि पुन्हा पुढे येऊन आकड्यावर थांब.

उरलेले चार-पाच मायक्रॉन पॉलिश पेपरने काढायची सवय मात्र लावून घेऊ नकोस. त्याने गोलाई बिघडते, आणि पेपर जॉबला गुंडाळला गेला की बोट सोबत ओढलं जातं. हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही, आणि चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात सोडायचा नाही. ही दोन वाक्यं मी तुझ्यासाठी फार काळजीने लिहितोय.

व्यास एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्याला जास्त येत असेल तर दोष टेलस्टॉकचा (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाचा) बघ. सेंटर्समध्ये (दोन्ही टोकांच्या अणकुचीदार आधारांमध्ये) धरलेल्या जॉबवर एक हलका टेस्ट कट घे. टेलस्टॉककडचं टोक मोठं आलं, तर टेलस्टॉक टूलपासून लांब गेला आहे. तो तुझ्या बाजूला सरकवायचा. किती? २०० मिमी अंतरावरच्या दोन मापांत ०.०४ चा फरक आणि सेंटर्समधलं अंतर ३०० असेल, तर ०.०४ च्या निम्मे ०.०२, गुणिले ३०० भागिले २००, म्हणजे ०.०३ मिमी. डायल गेज लावून सरकव आणि बोल्ट आवळल्यावर पुन्हा वाच, कारण आवळताना तो हलतो.

टेस्ट कटची दोन्ही टोकांची मापं, मोजलेल्या जागांमधलं अंतर आणि सेंटर्समधली लांबी कागदावर लिहून पाठव. तुझ्या मशीनची डायल व्यासाची की त्रिज्येची, तेही लिही.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
दादा