पान लागलं की भांग? डॉक्टरांना खरं सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी आठवड्यावर आली आहे आणि आमच्या भागात उसाच्या तोडी अजून संपलेल्या नाहीत. या दोन्हींचा घरच्या कुत्र्याशी काय संबंध, ते मी गेल्या दोन वर्षांत भोगलं आहे. म्हणून हे पत्र. साप चावला की आमच्याकडे ‘पान लागलं’ म्हणतात.

कराड तालुक्यात आमचा मळा आहे आणि वस्तीही मळ्यातच. दोन वर्षांपूर्वी तोडीची टोळी फडात शिरली, तेव्हा मोत्या नेहमीसारखा उंदरांच्या मागे लागला होता. पाचटातून कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला आणि मोत्या केकाटत बांधावर आला. घोणस होती. नाकाच्या बाजूला रक्ताचे दोन थेंब दिसत होते, एवढंच. अर्ध्या तासात तोंड इतकं सुजलं की एक डोळा मिटला. मग सुरू झाले सल्ले. कुणी ताक पाजायला सांगितलं, कुणी देवाचा अंगारा आणला, कुणी चीर देऊन रक्त काढू म्हणालं. त्यात दीड तास गेला. तो दीड तास मला आजही खातो.

डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेऊन ती न हलवता २० मिनिटं ठेवली. नंतर तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं, त्याची ही साधी परीक्षा. सापाच्या विषावरची लस मात्र दवाखान्यात नव्हती. ती माणसांच्या औषध दुकानातून आणायला माझा मुलगा गाडीवर शहरात गेला. लस मिळाली, पण उशिरा. तिसऱ्या दिवशी मोत्याला काळ्या चहासारखी लघवी झाली आणि चौथ्या दिवशी तो गेला. विषाने मूत्रपिंडं निकामी केली होती.

आपण जिला सापाची लस म्हणतो, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तापासून ती बनवतात. माणसासाठी जी कुपी, तीच कुत्र्यासाठी. मला वाटायचं, बारक्या कुत्र्याला अर्धी कुपी पुरेल. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा उमगलं की सापाने किती विष सोडलं त्यावर लस ठरते, अंगाच्या वजनावर नाही. साप कुत्रं लहान आहे म्हणून कमी विष सोडत नाही. उलट तेवढंच विष छोट्या अंगात जास्त भिनतं.

आता दुसरा प्रसंग, गेल्या धुळवडीचा. पाहुण्यांची तरुण पोरं मळ्यावर आली होती. दुपारी चारच्या सुमारास आमची राणी झोकांड्या खायला लागली. मागचे पाय एकमेकांत अडकत होते, उभ्या उभ्या मान खाली जायची आणि एकदम दचकून वर यायची. मोत्याची आठवण ताजी होती. मी ओरडले, ‘राणीला पान लागलं!’ तिला पोत्यात गुंडाळून तसंच दवाखान्यात नेलं. या वेळी मी एक मिनिटही घालवलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लंय का? सगळे म्हणाले, नाही. मोत्या गेल्यापासून दोन कुप्या मीच घरी आणून ठेवल्या होत्या, त्या बरोबर नेल्या. नाग किंवा मण्यार चावली तर जनावर असंच लुळं पडतं, म्हणून डॉक्टरांनी कुपी हातात घेतली. पण ते थांबले. तिच्या पापण्या ओघळलेल्या नव्हत्या. लघवी थेंब थेंब गळत होती. कानाजवळ टिचकी वाजवली की ती अंगभर दचकत होती. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘खरं सांगा, मी पोलीस नाही.’ तेव्हा भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भांगेच्या पेढ्यांचा पुडा ओसरीवर राहिला होता, तो राणीने कागदासकट संपवला होता.

ही लस घोड्याच्या रक्तातून येते, त्यामुळे ती कधी कधी अंगावर उलटते, श्वास कोंडतो, रक्तदाब एकदम खाली जातो. साप चावला असेल तर हा धोका पत्करलाच पाहिजे. पण एका लपवलेल्या पुड्यापायी राणीवर तो आला असता. पुढचा दीड दिवस तिला सलाइन दिलं, उबदार गोधडीत अंधाऱ्या खोलीत ठेवलं, आणि ती उठून पोळी खायला लागली.

मी पोरांवर रागावले नाही, कारण ते भ्याले होते. कायद्याची भीती, मोठ्यांची भीती. पण भांग आणि गांजा कुत्र्याला माणसापेक्षा जास्त बाधतात, हे घरोघरी कळायला हवं. तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात या नशेला धरणाऱ्या जागा कुत्र्यात फार असतात, असं डॉक्टर म्हणाले. भांगेने कुत्रं सहसा मरत नाही, मात्र गुंगीत उलटी श्वासनळीत गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नये. त्या मिठाईत मनुका असतील तर तेही सांगावं, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. आणि पावसाळ्यात खडबडीत पाठीचा बेडूक तोंडात धरून कुत्र्याच्या तोंडाला फेस आला, तर त्याचं तोंड खाली करून वाहत्या पाण्याने धुवावं, पाणी घशाकडे जाऊ देऊ नये.

तुमच्या दैनिकात होळीच्या आधी एवढं तरी छापून यावं, ही विनंती. जनावरांसाठी १९६२ हा मदत क्रमांक आहे, तोही ठळक द्यावा.

पशुसंवर्धन खात्याकडे एक मागणी आहे. माणसांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाची लस ठेवतात, तशी ती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही हवी. कुत्र्यांपुरतंच हे नाही, चरायला गेलेल्या गाई-म्हशींनाही साप चावतो आणि एक दुभती म्हैस गेली की घर बसतं. आमच्या दवाखान्यात लाळ्या-खुरकुताच्या लशीसाठी फ्रीज आहे. त्यातल्या एका कप्प्यात दहा कुप्या सहज मावतील. भुकटीच्या कुप्यांना तर फ्रीजही लागत नाही, थंड कपाट पुरतं.

आपली,
एक शेतकरी वाचक,
ता. कराड, जि. सातारा